कोपराला लावलेला गूळ

मराठी भाषेत नाकाला, डोळ्याला, कपाळाला मोठा मान आहे. कोपराच्या वाट्याला मात्र बहुधा थट्टाच आली. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, असे वडीलधारी मंडळी सांगतात. नकोशा माणसाला आपण कोपरापासून हात जोडतो. कोणाला हळूच टोमणा मारावयाचा तर ती कोपरखळी. आणि न मिळणाऱ्या गोष्टीची आशा दाखवून एखाद्याला झुलवीत ठेवणे, याला आपण कोपराला गूळ लावणे म्हणतो. कारण जीभ काही केल्या कोपरापर्यंत पोहोचत नाही. बेळगावच्या सरकारी मराठी शाळांतून तीस वर्षे शिकविताना हे सारे वाक्प्रचार मी कितीदा तरी फळ्यावर लिहिले. त्यांचा अर्थ अंगी लागला तो मात्र उजवे कोपर दुखू लागल्यावर.

निमित्त अगदी साधे घडले. एका उन्हाळी सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातील सुविचार पुन्हा रंगवावेत, असे मनात आले. रंगाऱ्याला द्यावयास पैसे नव्हते आणि माझे अक्षर बरे आहे अशी ख्याती होती. आठ दिवस मी पत्र्याच्या खरवडणीने भिंतीवरचा जुना चुना खरवडला आणि पुढे आठ दिवस कुंचला हाती धरला. भिंती सुरेख झाल्या. जून महिन्यात शाळा उघडली, त्या दिवशी कार्यालयाचे कुलूप काढताना किल्ली फिरविली आणि कोपराच्या बाहेरील अंगाला सुई टोचावी तशी कळ आली. पंधरा दिवसांत भरलेला तांब्या उचलणे कठीण झाले. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की हात खाली येऊ लागला. मुख्याध्यापकाचा हात दुखतो म्हणजे हजेरीपत्रकापासून दाखल्यांपर्यंत सारी शाळाच थोडी थोडी दुखू लागते.

हे दुखणे ‘टेनिस एल्बो’ नावाचे आहे, असे कळले तेव्हा मला हसू आले. टेनिसची रॅकेट मी उभ्या आयुष्यात हाती धरलेली नाही. पुढे वाचन केले तेव्हा समजले की, हे नाव तसे मागाहूनच चिकटलेले आहे. १८७३ साली रुंगे नावाच्या एका जर्मन वैद्याने या विकाराचे वर्णन केले, ते लेखनाने हात धरण्याच्या तक्रारीच्या संदर्भात. म्हणजे मूळ दुखणे आम्हा लेखणी चालविणाऱ्यांचेच! १८८२–८३ च्या सुमारास इंग्लंडात लॉन टेनिसचे वेड पसरले, तेथील वैद्यकीय नियतकालिकांत टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताविषयी लिहून आले, आणि खेळाचे नाव दुखण्याला कायमचे जडले. वस्तुतः या विकाराच्या रुग्णांत टेनिस खेळणारे थोडेच असतात. शंभर प्रौढांत एक ते तीन माणसांना तो होतो, तोही बहुधा पस्तीस ते पंचावन्न या वयात, आणि ज्या हाताने आपण अधिक काम करतो त्या हाताला.

खेळाडूंपैकी आपल्या सर्वांच्या स्मरणात असलेले कोपर म्हणजे सचिन तेंडुलकरचे. २००४ साली त्याच्या डाव्या कोपराने त्याला मैदानाबाहेर बसविले. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्र्याण्णव धावा काढून तो परतला. त्या दिवसांत घरोघरी ‘टेनिस एल्बो’ हा शब्द पोहोचला. पण त्याबरोबर एक गैरसमजही पोहोचला, की या दुखण्याला अखेर शस्त्रक्रियाच लागते. तसे नाही. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचूनच बरे होतात.

दुखते कोठे, त्यावर सारे अवलंबून

कोपर हा दंडाचे एक आणि पुढच्या हाताची दोन अशा तीन हाडांचा सांधा. दंडाच्या हाडाला खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा असतो. मनगट व बोटे मागे वळविणारे स्नायू बाहेरच्या उंचवट्याला आणि मनगट पुढे वळविणारे स्नायू आतल्या उंचवट्याला चिकटलेले असतात. स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीने बांधलेला असतो, तिला कंडरा म्हणतात. मूठ घट्ट आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी बाहेरच्या कंडरेवर ताण येतो. म्हणूनच दुखते कोपर, पण त्याचे कारण असते मूठ. खरवडणी, पोपटपान्याची पकड, ओल्या चादरीचा पीळ, स्वयंपाकघरातील सांडशी, हे सारे कोपराच्या बाहेरील अंगाला दुखविणारे.

आतल्या अंगाला दुखते, तेव्हा त्याला ‘गॉल्फर्स एल्बो’ म्हणतात. येथेही गॉल्फचे नाव केवळ नावापुरतेच. आमच्या उद्यमबागेतील फौंड्रीत घण चालविणारा, दिवसभर पेचकस फिरविणारा किंवा आखाड्यात प्रतिस्पर्ध्याचे मनगट आवळून धरणारा पैलवान, यांपैकी कोणालाही ते होऊ शकते.

कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ सूज आली असेल, तर ते दुखणे कंडरेचे नव्हे. तेथे कातडी व हाड यांच्यामध्ये एक चपटी पिशवी असते. टेबलावर कोपरे टेकून तासन्‌तास बसल्याने तिच्यात पाणी भरते. इंग्रजीत याला ‘विद्यार्थ्याचे कोपर’ अशा अर्थाचे नाव आहे. आमच्या शाळेत अद्याप एकाही विद्यार्थ्याला ते झालेले नाही, ही गोष्ट अभिमानाची की काळजीची, हे मी ठरवू शकलेलो नाही. सूज केवळ मऊ असेल तर कोपर टेकणे बंद केल्याने ती बहुधा ओसरते. परंतु ती लाल, गरम झाली व ताप आला, तर आत पू झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

करंगळी आणि अनामिका यांत मुंग्या येत असतील, तर आतल्या उंचवट्यामागून जाणारी मज्जातंतूची नस दबत असते. कोपर दारावर आपटले की करंगळीपर्यंत वीज चमकते, तीच ही नस. कोपर घडी करून झोपणाऱ्यांना व भ्रमणध्वनी तास तास कानाशी धरणाऱ्यांना हा त्रास होतो. कधी दुखणे कोपरात जाणवते, पण मूळ मानेच्या मणक्यात असते. मान वळविताच कळ हातात उतरली, तर तिकडे लक्ष द्यावे. संधिवात, वातरक्त आणि जुन्या अस्थिभंगानंतरची झीज ही आणखी काही कारणे.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट ध्यानी ठेवावी. एक ते चार वर्षांच्या मुलाला एका हाताने हिसका देऊन उचलले, किंवा दोघांनी दोन हात धरून झोके दिले, की कोपरातील एक हाड आपल्या कड्यातून किंचित सरकते. मूल रडते आणि हात लोंबता ठेवते. डॉक्टर ते क्षणात बसवितात. घरी ओढाताण करू नये. कोपराला मार लागल्यावर तेल लावून जोराने चोळण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तीही सोडून द्यावी. दुखावलेल्या कोपराला असे रगडल्याने स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. पडल्यानंतर कोपर सरळ होत नसेल, आकार बदलला असेल, हात बधिर वा निर्जीव वाटत असेल, तर क्ष-किरण तपासणीला उशीर करू नये. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत जडपणा, घाम, धाप असेल, तर कोपराचा विचार सोडून तडक रुग्णालयात जावे.

पहिला गूळ

माझे दुखणे बाहेरच्या अंगाचे, सरळ सरळ टेनिस एल्बो. शहरातील एका डॉक्टरांनी दुखऱ्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. आठवड्यात कळ नाहीशी झाली. मला वाटले, सुटलो! मग काय विचारता? पंधरा ऑगस्टला पताका मीच बांधल्या, वाचनालयाची कपाटे मीच सरकविली. मऊ लागले म्हणून मी अक्षरशः कोपराने खणले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुखणे परत आले, आणि आले ते पहिल्यापेक्षा जोराने.

यात नवल काहीच नव्हते, हे मागाहून कळले. २००२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी टेनिस एल्बोच्या १८५ रुग्णांचे तीन गट केले. एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला भौतिकोपचार, तिसऱ्याला केवळ सल्ला देऊन वाट पाहावयास सांगितले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी शेकडा ९२ जण समाधानकारक बरे होते. भौतिकोपचाराचे ४७ आणि वाट पाहणारे ३२. परंतु वर्षअखेरीस चित्र पालटले. भौतिकोपचाराचे शेकडा ९१, नुसती वाट पाहणारे ८३ आणि इंजेक्शनवाले ६९! नंतरच्या संशोधनांतही इंजेक्शननंतर दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिकच आढळले. एखाद्याला काही कारणाने चार-सहा आठवड्यांचा उतार अत्यावश्यक असेल, तर गोष्ट वेगळी. पण वर्षाचा हिशेब मांडला तर हा कोपराला लावलेला गूळच.

असे का व्हावे? पूर्वी समजत की, कंडरेला दाह होतो, आणि स्टिरॉइड दाह शमविते. १९७९ साली नर्शल व पेट्रोन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेथे दाहाच्या नेहमीच्या खुणांऐवजी विस्कटलेले तंतू आणि अर्धवट, अव्यवस्थित दुरुस्ती दिसली. म्हणजे दुखणे आगीचे कमी आणि झिजेचे अधिक. झिजलेली दोरी पुन्हा वळावी लागते. तिच्यावर पाणी ओतून भागत नाही.

दुसरा गूळ?

याच सुमारास वर्तमानपत्रातून एक हस्तपत्रक घरात आले. ‘शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, पाच बैठकांत कोपरदुखीपासून मुक्ती!’ उपचाराचे नाव शॉकवेव्ह. नाव वाचून मला आधी विजेच्या धक्क्याची आठवण झाली. परंतु या उपचारात रुग्णाच्या अंगात वीज जात नाही. हा धक्का ध्वनीच्या जातीचा, म्हणजे दाबाच्या लाटेचा आहे. मराठीत त्याला आघात-तरंग म्हणावे.

या तरंगांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. डॉर्निए ही जर्मनीतील विमाने बांधणारी कंपनी. अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूवर खड्डे का पडतात, याचा शोध घेताना तिच्या शास्त्रज्ञांचे लक्ष आघात-तरंगांकडे गेले. हे तरंग पाण्यातून व शरीराच्या मऊ भागांतून फारशी इजा न करता जातात आणि कठीण वस्तूवर आदळले की तिला फोडतात. त्यातून मुतखडा फोडण्याची कल्पना निघाली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर हा प्रयोग झाला. त्या काळी रुग्णाला पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवावे लागे. पुढे सौम्य मात्रेतील तरंग न जुळणारी हाडे आणि कंडरांची दुखणी यांवर वापरण्यास आरंभ झाला. अमेरिकेत २००० साली टाचदुखीसाठी आणि २००२ साली टेनिस एल्बोसाठी अशा यंत्रांना सरकारी मान्यता मिळाली.

आजची यंत्रे दोन प्रकारची असतात. एका प्रकारात तरंग भिंगातून आलेल्या उन्हाप्रमाणे शरीरात ठराविक खोलीवर एकवटतात. दुसऱ्या प्रकारात दाबलेल्या हवेने एक लहानसा धातूचा तुकडा नळीत पुढे फेकला जातो, तो टोकाशी असलेल्या टोपीवर आदळतो आणि दाबाची लाट कातडीपासून आत पसरत जाते. भौतिकोपचाराच्या दवाखान्यात बहुधा हा दुसरा प्रकार असतो. शास्त्राच्या काटेकोर भाषेत तो खरा आघात-तरंग नव्हेच, दाब-तरंग होय. त्यामुळे कोणते यंत्र आहे, हे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

हस्तपत्रक खिशात घालून मी गेलो ती भौतिकोपचार करणारी मुलगी माझ्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेली निघाली. माझा हात तपासून, पत्रक वाचून ती म्हणाली, “सर, मशीन माझ्याकडंही आहे. आजच लावलं तर मला चार पैसे मिळतील. पण आधी सहा आठवडे मी सांगते तो व्यायाम करा. नुसत्या मशीनवर भरवसा ठेवणार असाल, तर मी लावायची नाही.” विद्यार्थिनीने सरांना गृहपाठ द्यावा, हा योग माझ्या नशिबी होता.

घरातील परीक्षा

निघताना तिने एक सोपी परीक्षा शिकविली. हात कोपरात सरळ ठेवून, तळवा खाली करून, हलकी खुर्ची पाठीला धरून उचलावी. बाहेरच्या उंचवट्यावर कळ आली की ओळखावे. घरी येऊन मी ती सौ.ला हौसेने करून दाखविली. “बघू, मला जमतं का,” म्हणून तिने खुर्चीला हात घातला, आणि खुर्ची चार बोटे उचलताच तिचा चेहरा पिळवटला.

“केव्हापासून?” मी विचारले.

“झाली की दोन वर्षं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? पोळ्या थांबणार होत्या का?”

मी निरुत्तर झालो. दुधाचे पातेले ती सांडशीऐवजी दोन्ही हातांनी, फडक्याने धरून उतरविते, हे मी रोज पाहत होतो. धुणे पिळावयाचे ती माझ्याकडे सरकवीत असे आणि मी ते वर्तमानपत्रातून डोके न काढता पुन्हा तिच्याकडे सरकवीत असे. माझे कोपर दुखले तेव्हा घरात त्याची चर्चा झाली, नातेवाइकांनी काढे सुचविले, शाळेने रजा दिली. तिचे कोपर दोन वर्षे दुखले आणि त्याची बातमी समोरच्या खोलीपर्यंतही पोहोचली नाही.

त्या दिवसापासून आम्ही दोघे एकाच टेबलाशी व्यायामाला बसू लागलो. तो असा. पुढचा हात टेबलावर ठेवावा, मनगट कडेबाहेर, तळवा जमिनीकडे. हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्यावी; तिचे वजन साधारण अर्धा किलो होते. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर करावे, मदत काढून घ्यावी आणि चार-पाच अंक मोजत मनगट हळूहळू खाली सोडावे. असे पंधरा वेळा. थोडा विसावा घेऊन एकूण तीन फेऱ्या. बाटली जड वाटली तर अर्धी रिकामी करावी. व्यायामात थोडे दुखले तर चालते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर वजन कमी करावे. हे सहा ते बारा आठवडे नेटाने करावयाचे आहे. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसत नाही, आणि नेमके तेथेच बहुतेक जण सोडून देतात.

याच्या जोडीला कामाची रीत बदलावी लागते. पूर्ण विश्रांती नको, पण कंडरेला चिडविणारा ताण टाळावा. ओझे उचलताना तळवा खाली न ठेवता वर ठेवावा व कोपर अंगाजवळ घ्यावे. पिशवी हातात लोंबकळत न नेता खांद्याला अडकवावी. बारीक मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे कमी आवळावी लागते. ओले कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. कणीक एकदम न तिंबता थोडी थोडी तिंबावी, किंवा घरातील दुसऱ्या कोणी तिंबावी. हा शेवटचा उपाय कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात मी वाचलेला नाही. आमच्या घरात तो लागू पडला.

तरंगांचा अनुभव आणि त्यांचा हिशेब

सहा आठवड्यांनी माझा हात सुधारला होता, पण फळ्यावर लिहिण्याइतका नव्हे. तेव्हा तिने आठवड्याला एक याप्रमाणे तीन बैठकी आघात-तरंग दिले. कोपरावर थंड लुकण लावले, पिस्तुलासारखे उपकरण टेकविले आणि वडगावच्या मागावरून जाताना ऐकू येते तशी खटखट सुरू झाली. सुमारे दोन हजार ठोके, पाचेक मिनिटे. वेदना सोसण्याजोगी होती, पण नव्हती असे म्हणणार नाही. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन यासाठी बहुधा देत नाहीत. दिल्यास परिणाम उणावतो, असे आढळले आहे. दोन दिवस जागा लाल व दुखरी राहिली. या तरंगांनी कंडरेतील दुरुस्तीला चालना मिळते आणि वेदनेचा संदेश नेणाऱ्या तंतूंची संवेदना मंदावते, असे मानले जाते.

गुण आला का? आला. तीन महिन्यांत मी पूर्वीप्रमाणे फळ्यावर लिहू लागलो. परंतु येथे आमच्या घरातील दुसऱ्या कोपराची साक्ष काढावी लागते. सौ.ने तरंग घेतले नाहीत. “मला ती खटखट नको,” असे म्हणून ती बाटलीशीच एकनिष्ठ राहिली. तिचा हात साधारण माझ्याबरोबरच बरा झाला. मग माझ्या हाताला गुण कशाचा? तरंगांचा, व्यायामाचा, की काळाचा? दोन हातांवरून सिद्धान्त काढता येत नाही, हे मी मुलांना शिकवितो. तेव्हा स्वतःही पाळले पाहिजे.

मोठ्या संख्येने केलेल्या प्रयोगांतही उत्तर असेच दुहेरी आहे. काहींत खरे तरंग घेणाऱ्यांना नकली उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील २७२ रुग्णांच्या प्रयोगात मात्र दोन्ही गटांत शेकडा पंचवीसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच, रुग्ण सुधारले. २००५ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात नऊ प्रयोगांतील एक हजारावर रुग्णांचा विचार करून, लाभ अल्प किंवा मुळीच नाही, असा निष्कर्ष काढला गेला. २००९ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने, या उपचारात मोठा धोका नाही परंतु गुणाचा पुरावा एकसारखा नाही, असे नमूद केले. यंत्रांचे प्रकार, तरंगांची मात्रा आणि बैठकींची संख्या प्रत्येक ठिकाणी निराळी, हेही या मतभेदाचे एक कारण आहे.

तेव्हा माझे मत असे. आघात-तरंग हा काही ठकबाजीचा उपचार नव्हे, आणि जादूही नव्हे. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही दुखणे हटत नसेल आणि शस्त्रक्रियेचा विचार मनात येऊ लागला असेल, तर त्याआधी तो करून पाहावा. व्यायाम सोडून तो घेऊ नये. तीन-चार बैठकी झाल्यावर फरक वाटतो का, याचा विचार करावा. पैसे एकदम भरून दहा बैठकींचा गठ्ठा विकत घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनी, रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी किंवा रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी, त्या जागी जंतुसंसर्ग वा गाठ असणाऱ्यांनी तो टाळावा. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांवर तो देऊ नये. हृदयात पेसमेकर असल्यास आणि अलीकडे स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असल्यास ते आधीच सांगावे. नस दबणे, मानेचा विकार किंवा सांध्याचा संधिवात यांवर हा उपचार नाही. म्हणून आधी निदान, मग यंत्र.

टेनिस एल्बोचे दहापैकी आठ-नऊ रुग्ण सुमारे वर्षभरात बरे होतात, ही यातील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट. पण ते वर्ष काढावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या दुखण्याची दखल घेतली जाते, ज्याला रजा मिळते, ज्याचे ओझे दुसरा कोणी उचलतो, त्याचे वर्ष सुसह्य जाते. वडगाव–शहापुरातील विणकराला, फौंड्रीतील कामगाराला, कढईतील कुंदा तासन्‌तास ढवळणाऱ्या कारागिराला ती सोय सहजी मिळत नाही. आणि घरातील बाईला, दोन्ही हातांनी पातेले उतरविताना कोणी पाहिले नाही, तर मुळीच मिळत नाही.

आमच्या घरी आता रविवारची कणीक मी तिंबतो. ती कधी घट्ट होते, कधी सैल होते, सौ. बोलून दाखवीत नाही, पण पोळीच्या आकारावरून मला निकाल कळतो. वाचकहो, आज रात्री दूध उतरविण्याच्या वेळी आपण स्वयंपाकघरात एक फेरी मारावी, एवढीच माझी विनंती आहे. पातेले एका हाताने उतरते की दोन्ही हातांनी, तेवढे पाहावे.